वाडा पडतो तेव्हा आधी मागची बाजू जाते

नागपूरच्या रघुजी भोसल्यांची तलवार २०२५ साली राज्य सरकारने लंडनच्या लिलावात विकत घेतली. सत्तेचाळीस लाखांच्या वर रुपये मोजले. ऑगस्टमध्ये ती मुंबईत आली, स्वागत झालं, आणि आम्हा नागपूरकरांना बरं वाटलं. वाटायलाच हवं. पण ज्या घराण्याची ती तलवार, त्याचा मोठा राजवाडा बघायला कोणी पाहुणा आला, तर शहराच्या महाल भागात त्याला दाखवायला नगारखान्याचा दरवाजा तेवढा आहे. काळ्या दगडाचा, आत लाकडी नक्षीने भरलेला तो वाडा १८६४ मध्ये जळाला. त्याच्या दहा वर्षं आधी, तिसरे रघुजी निपुत्रिक वारल्यावर, डलहौसीने राज्य खालसा केलं आणि जडजवाहीर, हत्ती, घोडे सगळं लिलावात काढलं. लिलावात गेलेली वस्तू कधीतरी लिलावातून परत येऊ शकते. वाड्याचं तसं नाही. त्याचे खांब भंगारवाल्याकडून जुन्या लाकडाच्या व्यापाऱ्याकडे जातात आणि तिथून कुठल्यातरी रिसॉर्टच्या व्हरांड्यात उभे राहतात. तिथे त्यांना कोणी विचारत नाही, बाबांनो, तुम्ही कुठले.

महालातले उरलेसुरले वाडे वाचवा, असंच मी सांगणार आहे. फक्त ज्या कारणासाठी हे सहसा लिहिलं जातं, ते माझं कारण नाही.

सहसा लिहितात ते असं की वाडा म्हणजे वैभव, कलाकुसर, पूर्वजांचा ठेवा. मी महालातल्या वाड्यात वाढलो, पण वैभवाशी माझा संबंध आला नाही, कारण आम्ही भाडेकरू. वडील एम्प्रेस मिलमध्ये कारकून. दुसऱ्या चौकात दोन खोल्या, वर कवेलू, पावसाळ्यात तीन ठिकाणी भांडी. मालकांचा दिवाणखाना पुढच्या चौकात, सुरूच्या आकाराचे सागवानी खांब, वर लाकडी महिरपी. आम्हा पोरांना तो गणपतीच्या दहा दिवसांत दिसायचा. एरवी आमचा भूगोल मागचा होता. विहीर, न्हाणी, आणि त्यापलीकडे संडासांची रांग.

त्या संडासांविषयी लिहायलाच हवं, कारण वाड्यावरच्या पुस्तकांत ते नसतात. प्रत्येकाच्या मागच्या भिंतीत, जमिनीलगत, हातभर रुंदीचं एक भोक होतं. त्याला पत्र्याचं झाकण. बाहेर बोळ, एक माणूस जेमतेम जाईल एवढी, दोन्हीकडे खिडकी नसलेल्या भिंती. पहाटे एक बाई त्या बोळीतून यायची, झाकण वर करायची आणि टोपलं ओढून घ्यायची. आतून दिसायचा तो फक्त हात. आईची ताकीद असायची, ती येऊन गेल्याशिवाय तिकडे फिरकायचं नाही. दिवाळीत तिला फराळ मिळायचा, तोही वरून, तिने पसरलेल्या पदरात. पुढच्या रस्त्याला एक जुनं नाव होतं, एक महापालिकेचं आणि एक लोकांचं. त्या बोळीला एकही नव्हतं. ती बाई वाड्यात रोज येत होती आणि तिने दिवाणखान्याचा खांब कधी पाहिला नसेल.

माझी नोकरी कापसातली. कापूस पणन महासंघात ग्रेडर होतो. बोटांत धागा ओढून त्याची लांबी सांगायची, कवडी किती, ओल किती ते बघायचं, आणि शेतकऱ्याच्या शिव्या खायच्या. मुलगा ह्यूस्टनला असतो. निवृत्तीनंतर त्याच्याकडे गेलो तेव्हा त्याने विचारलं, बाबा, काय बघायचंय? मी म्हटलं, कापसाचा मुलूख दाखव. त्याने गाडी काढली आणि पाच-सहा तासांवरच्या मिसिसिपी राज्यातल्या नॅचेझला नेलं.

नॅचेझ आपल्या उमरेडपेक्षाही लहान. मिसिसिपी नदीच्या उंच कड्यावर वसलेलं. तिथे १८६१ च्या यादवी युद्धाआधीची कापूसमालकांची घरं आहेत, पांढऱ्या खांबांची, आणि ती जपलीत अशी की वाटावं मालक आताच फिरायला गेलेत. १९३२ मध्ये तिथल्या गार्डन क्लबच्या बायकांनी ही घरं वसंतात पाहुण्यांना उघडायला सुरुवात केली, आणि तेव्हापासून गावाचं पोट बऱ्याच अंशी त्यावर चालतं. स्टॅन्टन हॉल नावाचं १८५७ चं घर तर अख्खा एक चौकोन अडवून बसलंय. मला सगळ्यांत जास्त आवडलं लाँगवुड. अष्टकोनी, वर कांद्यासारखा घुमट. युद्ध पेटलं तेव्हा काम अर्धवट होतं. फिलाडेल्फियाहून आलेले कारागीर हत्यारं टाकून घरी गेले, ते परत आलेच नाहीत. तळघराचा मजला तेवढा पुरा. मालकाचं कुटुंब त्यातच राहिलं, आणि मालक १८६४ मध्ये वारला. वरचे मजले अजून तसेच, उघड्या विटा, उघड्या तुळया. त्या विटा तिथल्याच मातीच्या, गुलामांनी थापलेल्या.

एका घरात आम्हाला फिरवणाऱ्या बाईंनी घेरदार झगा घातला होता. चांदीची भांडी, बेल्जियमचे आरसे, भिंतीवरचे कागद, सगळं त्यांनी प्रेमाने दाखवलं. मागच्या अंगणात विटांची एक बुटकी दुमजली इमारत होती. ती कसली, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, स्वयंपाकघर वगैरे. आणि पुढच्या खोलीकडे वळल्या. मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं.

मेलरोज नावाचं घर मात्र सरकारी राष्ट्रीय उद्यान खात्याकडे आहे. तिथे जेवणाच्या टेबलावर छताला महोगनीचा एक प्रचंड पंखा टांगलेला आहे, दोरीने ओढायचा. आमच्या सिव्हिल लाइन्सच्या बंगल्यांत साहेबाच्या डोक्यावर हलायचा तोच प्रकार, आपल्याकडूनच जगभर गेलेला. मालक आणि पाहुणे जेवत असत आणि दोरी ओढायला एक गुलाम पोरगं उभं असे. सरकारी माणसाने पंख्याआधी त्या पोराविषयी सांगितलं, आणि मग मागच्या गुलामांच्या खोल्यांकडे नेलं. त्याच गावात एका तिठ्यावर पूर्वी गुलामांचा बाजार भरायचा, त्या मुलखातल्या सगळ्यांत मोठ्यांपैकी एक. तिथे आता सिमेंटमध्ये रुतवलेल्या खऱ्याखुऱ्या बेड्या आहेत. २०२१ मध्ये ती जागाही राष्ट्रीय उद्यानात घेतली गेली. एवढ्याशा गावात झग्यातल्या बाई आणि सिमेंटमधल्या बेड्या दोन्ही नांदतात, आणि त्यांचं आपसात पटत नाही. मला ते न पटणं फार आवडलं. घरं उभी आहेत म्हणून तो वाद चालू शकतो. पाडली असती तर झग्यातल्या बाईंचे फोटो उरले असते आणि त्यांच्यावर सिनेमा निघाला असता.

हे सगळं परदेशातलं कौतुक म्हणून सांगत नाही. नॅचेझचा आणि आमचा सोयरसंबंध जुना आहे. तिकडे युद्ध सुरू झालं, अमेरिकन कापूस लँकेशायरला जायचा थांबला, आणि गिरण्यांची नजर वऱ्हाड-वर्ध्याकडे वळली. हिंगणघाटच्या बनी कापसाचा भाव असा चढला की म्हाताऱ्यांच्या गोष्टींत तो माझ्या लहानपणापर्यंत टिकून होता. १८६७ मध्ये नागपूरला रेल्वे आली. १ जानेवारी १८७७ ला जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल जुम्मा तलावाजवळ सुरू झाली. आज विदर्भात उभा असलेला जवळजवळ सगळा कापूस तर मिसिसिपीकाठच्याच अमेरिकन जातीचा. बनी आता शोधावी लागते. मिल २००२ मध्ये बंद झाली आणि त्या जागेवर मॉल आला.

कापसाच्या त्या तेजीत इथे ज्यांच्याकडे पैसा आला त्यांनी वाडे बांधले, जुन्यांची डागडुजी केली. त्याला जोड मालगुजारीची. गावंच्या गावं एकेका घराच्या नावावर. सारा वसूल करायचा, सरकारचा हिस्सा भरायचा, उरलेला आपला. शिवाय वेठ होतीच. सागवान जंगलातून आणायला, चुना घाणीवर मळायला, विहिरीचा गाळ काढायला माणसं कुठून येत होती, ते मालगुजारीच्या कागदांत शोधावं. १९५१ मध्ये मालगुजारी गेली. महालातल्या वाड्यांची पडझड मोजायची तर माझ्या मते तिथपासून मोजावी. उत्पन्न थांबलं आणि वारस वाढले.

आता एक गंमत. नागपूरच्या मालगुजाराने बांधलेल्या वाड्यांपैकी सर्वांत चांगला जपलेला वाडा कुठे आहे ठाऊक आहे? शिर्डीत. गोपाळराव बुटींनी तिथे दगडी वाडा बांधला, १९१८ मध्ये साईबाबांना त्यातच समाधी दिली गेली, आणि तो वाडा समाधीमंदिर झाला. रोज हजारो लोक त्यात जातात. देव आत बसल्याशिवाय आमच्याकडे वाडा टिकत नाही, असा त्याचा अर्थ घ्यायचा का?

भोसल्यांच्या काळातल्या वाड्यांचा हिशेब आणखी मागे जातो. नागपूर श्रीमंत झालं ते नुसत्या इथल्या शेतीवर नव्हे. १७४२ पासून, आधी भास्करराम कोल्हटकरांच्या हाताखाली, भोसल्यांच्या फौजा बंगालवर जात होत्या. १७५१ च्या तहाने ओडिशा आणि वर्षाला बारा लाखांची चौथ मिळाली. आमच्या शाळेच्या पुस्तकात हे पराक्रम म्हणून होतं, आणि पराक्रम होताही. ऑफिसात माझ्या शेजारच्या टेबलावर एक बंगाली बाबू बसायचे, त्यांच्या तीन पिढ्या नागपुरात. ते एकदा हसत म्हणाले, तुमच्या नावाने माझी आजी मला झोपवायची. बंगालमध्ये बर्गी आले, आता झोप, अशा अर्थाचं अंगाईगीत अजून म्हणतात. ते बर्गी म्हणजे आपण. गंगाराम नावाच्या बंगाली कवीने त्याच दशकात ‘महाराष्ट्र पुराण’ लिहून ठेवलं, त्यात जळलेली गावं आहेत, पळणारी माणसं आहेत. कलकत्त्याच्या इंग्रजांनी मराठ्यांच्या भीतीने खंदक खणला. महालातल्या एखाद्या कोरीव तुळईत बर्दवानच्या शेतकऱ्याचा पैसा आहे, हे त्या तुळईखाली उभं राहून सांगता आलं तर सांगण्यासारखं आहे. तुळईच नसेल तर ही नुसती चिडवाचिडवी होते.

राजवाड्याशी भांडायची सवय या शहराला नाही असं नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळ्या मारबतीचा पुतळा निघतो, १८८१ पासून. लोक तिचा संबंध भोसल्यांच्या राणी बांकाबाईशी जोडतात, इंग्रजांशी हातमिळवणी केली म्हणून. दीडशे वर्षांच्या घरात झाली, नागपूरकर राणीला शिव्या देत रस्त्यावरून नेतात आणि जाळतात. राज्य खालसा झाल्यावर ते परत मिळावं म्हणून अर्जांवर अर्ज करणारीही तीच बांकाबाई होती, हे मात्र मिरवणुकीत कोणी सांगत नाही. तिचा वाडा, तिची खोली, तिची पत्रं असं काही समोर असतं तर मारबतीच्या दिवशी वादाला तरी मजा आली असती. मार्च २०२५ मध्ये याच महालात औरंगजेबाच्या कबरीवरून दंगल झाली. कबर खुलताबादला, चारशेहून जास्त किलोमीटरवर. दारातला इतिहास पोकळ झाला की माणसं लांबचा आणून भांडतात, असं मला तेव्हा वाटलं.

माझ्या या म्हणण्याला सगळ्यांत कडक उत्तर दिलं ते माझ्या जुन्या सहकाऱ्याने. तो इंदोऱ्याचा, नागपूरच्याच दलित वस्तीतला. चहा पिता पिता मी वाड्यांचं बोलायला लागलो तर म्हणाला, “पडू दे नं बाप्पा. काहून जपाचे ते? माही आजी जळतनाची मोळी घेऊन महालात यायची. मोळी मागच्या दारी टाकाची आन पैसे वरून टाकत. तुले तो खांब दिसते, मले ते दार दिसते.”

त्यावर मला आठवलं, मे २०२५ मध्ये अमेरिकेच्या लुईझियाना राज्यातलं नॉटवे नावाचं १८५९ चं मोठं प्लँटेशन घर जळालं. तिथे लग्नं लागत, लोक हौसेने राहायला जात. ते जळताना काही जण रडले आणि ज्यांचे पणजोबा तशाच घरांत गुलाम होते त्यांतल्या काहींनी आनंद केला. त्या आनंदाला मी नावं ठेवणार नाही, आणि माझ्या दोस्तालाही चूक म्हणणार नाही. त्याला मी एवढंच विचारलं, ते मागचं दार आता कुठे आहे, दाखवतो का? आम्ही दोघं गेलो. नाही सापडलं.

सापडणार नव्हतंच. वाडा एका दिवसात पडत नाही. आधी मागची बाजू जाते. फ्लशचे संडास आले तेव्हा भोकं बुजली. बोळीवर कोणी खोली वाढवली, कोणी कूलर बसवला, कोणी जिना काढला. दासींच्या, गड्यांच्या खोल्या कच्च्या विटांच्या, त्या पहिल्याच पावसाळ्यांत बसल्या. पुढचा दरवाजा, दिवाणखाना, खांब सर्वांत शेवटपर्यंत राहतात, आणि त्यांचे फोटो निघतात, कॅलेंडरं होतात. म्हणजे वाडा पडू दिला तर वैभव जात नाही, ते चित्रात राहतं. जातो तो त्याचा खर्चाचा रकाना. माझ्या दोस्ताच्या आजीचा पुरावा पडझडीत आधी गेला, मालकांचा नाही. त्याला हे पटलं की नाही, त्याने सांगितलं नाही. म्हणाला, चल, उशीर झाला.

आता व्यवहाराचं. नागपूरच्या वारसा वास्तूंची सरकारी यादी आहे, तिच्यात दीडशेहून अधिक नावं आहेत. समितीही आहे. यादीत नाव असलं की मालकाला वाटतं, आपली मान अडकली. त्यात त्याची चूक नाही. सतरा वारस, त्यांतले चार पुण्याला, दोन अमेरिकेत, एक कोर्टात. भाडेकरूंचं भाडं असं की त्यात विजेचा दिवाही लागू नये. (आमचंच काय होतं ते मी इथे लिहीत नाही.) बिल्डर मात्र सतराही सह्या गोळा करून आणतो. वारसा वास्तूच्या मालकाला न वापरता येणारं बांधकाम टीडीआर (हस्तांतरणीय विकास हक्क) म्हणून विकायची तरतूद नियमांत आहे, पण तिचे कागद सतरा वारसांना घेऊन महापालिकेत कोण फिरवणार? तिथे एखादा अधिकारी फक्त याच कामासाठी, बिल्डरच्याच चिकाटीने, बसवला तर चार वाडे वाचतील. चारच, पण वाचतील. आणि रस्तारुंदीची रेघ मारताना नकाशावर वाडा दिसला पाहिजे. महालातल्या केळीबाग रस्त्यावर घरांची तोंडं कापली गेली, आता उरलेल्या अर्ध्या दिवाणखान्यांना शटर लावून दुकानं चालतात.

हेरिटेज वॉक हल्ली निघतात, तरुण मुलं येतात, ही चांगली गोष्ट. गांधी गेटपासून सुरू करतात, मंदिरं बघतात, नगारखान्याखाली फोटो काढतात. त्यांना कोणी बोळीतून नेत नाही.

व्हीएनआयटीत आर्किटेक्चरची मुलं आहेत. वाड्यांची मोजणी आणि नकाशे त्यांच्याकडून करून घेता येतील, त्याला मोठा निधी लागत नाही. महापालिकेने एक पत्र द्यावं आणि मालकांशी बोलावं. मोजणी मागच्या बाजूने सुरू करावी. विहीर, न्हाणी, बोळीची रुंदी, भिंतीत बुजवलेल्या भोकांच्या खुणा, गड्यांच्या खोल्यांचा पाया. दिवाणखान्याला अजून दोन-चार पावसाळे आहेत. मागच्या बाजूला नाहीत. आणि मोजायला जातील तेव्हा इंदोऱ्यासारख्या वस्त्यांतल्या एखाद्या म्हाताऱ्या बाईला बरोबर न्यावं, जिच्या घरच्या बायका तिथे कामाला येत होत्या. कुठल्या दाराने यायचं आणि कुठे थांबायचं, हे नकाशात तिच्याशिवाय कोणाला भरता येणार नाही.